‘तरुण प्लून’चा शेवटचा हंगाम

४ मार्च १७७१

हेरिंग माशाच्या परीक्षकाचं पद फुकट असतं, असं मंडळाचे अध्यक्ष म्हणाले होते. त्या फुकटाचा हिशेब असा. काळा कोट, अस्तरासकट — एकोणतीस गिल्डर. सात सभ्य गृहस्थांना जेवण, मेंढीची तंगडी, धुरावलेले ईल आणि ऱ्हाइनकडची वाइन — बावीस. केसांचा टोप, दुसऱ्याच्या डोक्यावरून उतरलेला — सहा. नगरभवनाचा दारवान, कारकून आणि कारकुनाचा भाऊ (तो का, ते कळलं नाही) मिळून तीन. चांदीच्या बकलांचे बूट लाइस्बेटनं परस्पर आणले, त्याचा आकडा बायको मला सांगत नाही. शिवाय दोन्ही टाचांना फोड. ते बुटांच्या खात्यावर.

बदल्यात मिळाला पिंपांवर मारायचा एक लोखंडी डाग आणि मंडळात खालच्या टोकाची खुर्ची. पण डाग माझ्या हातात आहे! ज्या हातांनी वयाच्या नवव्या वर्षापासून पिंपं बांधली, त्याच हातात. आजपासून व्लार्डिंगनमधून हेरिंगचं एकही पिंप मी चाखल्याशिवाय आणि डागल्याशिवाय बाहेर जाणार नाही. आणि परक्या हेरिंगचं एकही पिंप आत येणार नाही. हे मी जेवताना उभं राहून सातही जणांना सांगितलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तोंडात मेंढी होती, म्हणून बोलले कुणी नाहीत.

९ मार्च

घोड्यानं ओढायच्या बोटीनं डेल्फ्टला. मागच्या बाकावर डोळे मिटून बसलो. डोळे मिटले की लोक आपल्याला बहिराही समजतात. निम्मा धंदा मी असाच शिकलो.

पुढे गादीवर आमच्या हेरिंग मंडळाचे अध्यक्ष, श्रीयुत डी लांगे, आणि त्यांचा हेगचा मेहुणा.

‘गलबतांतले माझे सगळे हिस्से मी काढून घेतले,’ अध्यक्ष सांगत होते. ‘पैसा लंडनला लावला. व्याज तीन टक्के. कमी वाटतं, पण ते गळत नाही, वादळात सापडत नाही आणि दारू पिऊन भांडत नाही.’

‘आणि इथला मासेमारीचा धंदा?’

‘त्याचा मी अध्यक्ष आहे ना.’

दोघं हसले. मग मेहुण्यानं एम्डनची गोष्ट काढली. प्रशियाच्या राजानं तिथे हेरिंगची कंपनी उघडून दिली आहे. गलबतं कोरी करकरीत. आणि त्यांवरचे लोक? आमचेच. व्लार्डिंगनचे, मासलाउसचे. ‘चार-पाच वर्षांत हॅम्बुर्गच्या बाजारात तुमचा हेरिंग कुणी विचारणार नाही,’ मेहुणा म्हणाला, जसं काही उद्या पाऊस पडेल असं सांगावं.

माझे डोळे आपोआप उघडले.

‘अरे, प्लून! जागे आहात तुम्ही?’ — अध्यक्ष.

मी म्हणालो, ‘महाराज, माझे डोळे बांधा. दहा गावचे दहा हेरिंग पुढ्यात ठेवा. आमचा कुठला ते जिभेला लागताक्षणी सांगेन. आणि एम्डनचा असेल तर पहिल्या घासाला थुंकेन.’

‘आणि चुकलात तर?’

‘तर हा नवा कोट तुमचा.’

मेहुण्यानं कोट वरपासून खालपर्यंत पाहिला. ‘नको,’ म्हणाला. ‘बाह्या आखूड आहेत.’ सगळी बोट हसली. घोडा हाकणारासुद्धा काठावरून हसला, त्याला ऐकू तरी काय आलं असेल!

१० मार्च

काल जरा जास्त बोललो. पण खोटं बोललो नाही.

१७ मार्च

रविवार. देवळातून परतल्यावर क्राइना आणि जावई जेवायला. पोरीला दुसरा महिना लागलाय. लाइस्बेट तिला उठू देत नाही आणि ती बसत नाही.

लेंडर्ट माझा जावई म्हणून सांगत नाही, हेरिंग चिरावा तर त्यानं. सुरी गळ्याशी घालायची, एका हिसड्यात आतडं बाहेर, पण ती एक बारकीशी गाठ आत राहू द्यायची — तीच माशाला मिठात मुरवते. जास्त काढलं तर मासा लाकूड, कमी काढलं तर कडू. दर मिनिटाला पंधरा-वीस मासे आणि डोळे दुसरीकडेच. त्याला कुणी शिकवलं नाही. अनाथ पोर, तांडेल झाला तो हातावर. माझ्यासारखाच. म्हणून तर मुलगी दिली.

आज त्यानं आधी मटार संपवले. मग म्हणाला, ‘बाबा, मागच्या हंगामात आम्ही मासे कमी आणि पाणी जास्त उपसलं.’

‘डांबर भरलंय की या वर्षी.’

‘डांबरच राहिलंय आता. लाकूड संपलं. ‘तरुण प्लून’ नाव बदला तिचं, ‘म्हातारा प्लून’ ठेवा.’

क्राइना हसली. मीही हसलो. मी तिशीत असताना बांधलेलं गलबत ते, तेव्हा नाव शोभत होतं. दोघांचेही सांधे आता कुरकुरतात.

‘नवं बांधा,’ लेंडर्ट म्हणाला. ‘पोटुशी बायको घरी ठेवून त्या चाळणीत बसायचं म्हणजे… नवं बांधा, नाहीतर मला—’

पावाचा तुकडा घेऊन तो ताटली पुसत बसला. पण अर्धं वाक्य मला पूर्ण ऐकू आलं. कान आहेत मला.

लेंडर्ट एम्डनला गेला तर मागे काय राहतं? एक गळकं गलबत, आणि दोन म्हातारी माणसं.

२ एप्रिल

मंडळाची बैठक. विषय — तांडेल आणि खलाशी एम्डनला पळतात, त्यांना थोपवायचं कसं. दोन घटका विषयावर बोलणं झालं, त्यातली पहिली कॉफी येण्यात गेली.

मी म्हणालो, जाळ्यांवरचा आणि मिठावरचा कर उतरवा. अध्यक्ष म्हणाले, तो आपल्या हातात नाही. मी म्हणालो, नवी गलबतं बांधणाऱ्याला मंडळानं मदत द्यावी. म्हणाले, तिजोरीत पैसा नाही. मी म्हणालो, मग मिठाच्या बाबतीत, पिंपांच्या बाबतीत नियम जरा सैल करा, शंभर वर्षांपूर्वीचे आहेत ते. तेव्हा मात्र सातही जण जागे झाले. नियम सैल! आमच्या आजोबांचे नियम! सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

एकानं सुचवलं, कडक शब्दांत फर्मान काढू या. मागचं फर्मान अजून नगरभवनाच्या दारावर आहे, त्याच्या खाली उभं राहूनच पोरं एम्डनच्या बोटीचे बेत करतात. बैल गेला आणि झोपा केला.

शेवटी मीच बोललो, आणि चांगलं बोललो असं वाटतं. दर जूनला निघण्यापूर्वी सगळे तांडेल दोन बोटं वर करून शपथ घेतात — सेंट जॉनच्या दिवसाआधी जाळं टाकणार नाही, समुद्रात मासा विकणार नाही. त्यात एक कलम वाढवा : पुढल्या वर्षभरात परक्या राजाच्या गलबतावर पाय ठेवणार नाही. आमचा माणूस उपाशी राहील, पण देवाच्या नावानं घेतलेली शपथ मोडणार नाही. खर्च शून्य!

‘खर्च शून्य’ ऐकल्यावर एकमतानं मंजूर. अध्यक्षांनी माझा हात हातात घेतला. मंडळात आल्यापासून पहिल्यांदा.

आता लेंडर्टही एक वर्ष बांधला गेला. एक वर्षात मी गलबत उभं करीन.

१९ एप्रिल

उत्तरेचं वारं. टोप उडून कालव्यात पडला. सहा गिल्डर वाचले असते.

६ मे

बंदराजवळच्या खानावळीत एक नवा माणूस. फोक्के नाव. लोण्याचा व्यापारी म्हणवतो. पूर्व फ्रीसलंडची बोली, शब्द चघळून चघळून बाहेर येतात — एम्डनचा, हे मला त्याच्या ‘नमस्कारा’तच कळलं. त्याच्या टेबलाशी जाऊन बसलो.

‘लोणी घ्यायला आलात, मग बंदरात काय करताय? गाई त्या बाजूला आहेत.’

‘गाई पाहिल्या, मालक. आता दूध पिणारे पाहतोय.’

आवडला मला लेकाचा. दोन पाइप ओढेपर्यंत गप्पा मारल्या. एम्डनच्या कंपनीसाठी माणसं गोळा करतोय, हे लपवलं नाही त्यानं. तांडेलाला घर, मागे भाजीपुरती बाग, पाच वर्षं कर नाही, गलबत कोरं.

‘आणि हेरिंग? तो कसा असतो म्हणे तुमचा?’

‘हेरिंग समुद्रातला, मालक. त्याला राजा कोण, विचारलं नाही कधी आम्ही.’

‘राजा नसेल. हात असतो.’

‘म्हणून तर आलोय,’ फोक्के म्हणाला. मग माझ्या बोटांकडे पाहून, ‘पिंपं बांधणारेही हवेत तिकडे. तुम्ही या की.’

‘मी? या वयात?’

‘लाकूड जुनं असलं की पिंप गळत नाही म्हणतात.’

बिल त्यानं दिलं. प्रशियाच्या राजाच्या पैशानं मी बिअर प्यालो, हे मंडळात सांगण्यासारखं नाही.

२३ मे

नव्या गलबताचे सोळा हिस्से. पाच मी घेणार. उरलेले अकरा घेणारे शोधत हा आठवडा घालवला.

आज डी लांगे यांच्याकडे. दिवाणखान्यात नेलं, चिनी कपात चहा दिला. कप इतका पातळ की पलीकडची त्यांची बोटं दिसत होती.

‘प्लून, तुमची मेंढीची तंगडी अजून जिभेवर आहे हो.’

मी हिस्स्यांचं काढलं.

‘तुम्ही चांगले माणूस आहात. म्हणून खरं सांगतो. तुमच्या वडिलांच्या काळात माझ्या वडिलांनी गलबतं बांधली. त्या पैशावर मी बसलोय. आता माझ्या मुलानं उठून पुन्हा समुद्रात कशाला जावं?’

‘माझ्या वडिलांनी पिंपं बांधली, महाराज. ते आणि तुमचे वडील एकाच धक्क्यावर उभे असायचे.’

‘तेच म्हणतोय. आता धक्क्यावर उभं राहायची गरज नाही.’

असं हे. मासे पकडून ज्यांनी घरं बांधली, त्यांच्या नातवांना माशाचा वास सहन होत नाही. इतर दोघांनी चहासुद्धा दिला नाही. टोनिस, माझा जुना दोस्त, त्याची स्वतःचीच दोन गलबतं गाळात बांधून पडलेली — त्यानं एक हिस्सा घेतो म्हणून सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं. त्याचे पैसे मी घेतले नाहीत.

अकरापैकी मिळाले शून्य.

घरी आलो तर लाइस्बेट म्हणाली, ‘क्राइनानं तिच्या पेटीतल्या चादरी मोजायला काढल्या आहेत.’

‘उन्हाला घालत असेल.’

बाहेर ऊन नव्हतं.

१२ जून

शपथेचा दिवस. लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

नगरभवन भरलं होतं. तांडेल रांगेत, चकचकीत बूट, ओल्या केसांना भांग. अध्यक्षांनी नवं कलम वाचलं — माझं कलम — आणि एकेकाचं नाव घेतलं. नाव आलं की पुढे यायचं, दोन बोटं वर करायची आणि म्हणायचं, ‘परमेश्वर मला साक्ष आहे.’ सगळ्यांत मोठ्यानं यान क्रौल म्हणाला. काचा हादरल्या.

लेंडर्टचं नाव आलं. तो पुढे आला. टोपी दोन्ही हातांत धरलेली. हात तसेच राहिले.

कारकून म्हणाला, ‘बोटं वर.’

लेंडर्ट म्हणाला, ‘नाही येत.’

‘दुखतात का?’ मागून कुणीतरी विचारलं. हसू पसरलं.

‘दुखत नाहीत,’ लेंडर्ट अध्यक्षांना म्हणाला. ‘मी एम्डनला जाणार आहे. मग शपथ कशी घेऊ?’

हसणं थांबलं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. सातही जणांनी. मी काळ्या कोटाचं वरचं बटण सोडलं.

बाहेर पायऱ्यांवर गाठला त्याला. ‘अरे गाढवा, घ्यायची होती शपथ! बाकीच्यांनी नाही घेतली? त्यातले निम्मे जाणार आहेत, मला काय कळत नाही?’

‘ते जातील, बाबा. मी खोटी शपथ घेणार नाही.’

‘मग खरी घे. एक वर्ष थांब. मी गलबत उभं करतो.’

‘मिळाले किती हिस्से?’

मी बुटांची बकलं पाहिली.

‘मला ठाऊक आहे,’ तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं, तेच मला सहन होत नव्हतं. ‘मी हा हंगाम ‘तरुण प्लून’वरच काढणार होतो. तुमच्यासाठी. हिवाळ्यात गेलो असतो, क्राइना बाळंत झाल्यावर. पण ते कलम आलं. आता शपथ घेतली तर वर्षभर जाता येत नाही, आणि न घेता इथल्या गलबतावर चढता येत नाही. कुणाच्या डोक्यातून निघालं ते कलम, देव जाणे.’

त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही.

१३ जून

दुपारच्या बोटीनं गेली दोघं. लाइस्बेट काठावर होती. मी नव्हतो. घरात त्यांचं नाव काढायचं नाही, असं सांगून ठेवलंय.

२४ जून

सेंट जॉनचा दिवस. आज सूर्य मावळला की शेटलंडच्या पलीकडे आमची जाळी पाण्यात पडतील. दर वर्षी या दिवशी लेंडर्टसाठी एक मेणबत्ती लावायची लाइस्बेटची खोड. आजही लावली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

११ जुलै

पहिला हेरिंग आला. मासेवाल्यांच्या दारांवर हिरव्या पानांची तोरणं चढली, पोरं ओरडत घोडागाड्यांमागे धावली. सगळं दर वर्षीसारखं.

आमच्या मालाची बारी आली. ‘तरुण प्लून’वर लेंडर्टच्या जागी म्हाताऱ्या हुखला घातलंय. हात थरथरतात, हिवाळ्यात जिन ढोसून आणि उन्हाळ्यात जिन नाही म्हणून. पिंप उघडलं. चाखलं. कडू. दुसरं — लाकूड.

धक्क्यावर सगळे बघत होते, परीक्षक स्वतःच्या मालावर काय करतो ते.

हलक्या प्रतीचा डाग मारला. सगळ्या पिंपांवर. हुख बाजूला उभा राहून म्हणाला, ‘मालक, घरचंच आहे की हो.’

‘म्हणूनच,’ मी म्हणालो.

टोनिसनं पाठीवर हात ठेवला. नुसता ठेवला आणि काढून घेतला.

१६ ऑगस्ट

लाइस्बेटनं ग्रोनिंगनहून लोण्याचं पिंप मागवलंय. मागच्या दारानं आलं. घरात माणसं दोन, एक मोलकरीण ग्रीट. इतकं लोणी कोण खाणार, विचारलं, तर म्हणाली, ‘टिकतं.’

३० ऑगस्ट

शुक्रवार. आज जेवायला हेरिंग होता — आणि काय हेरिंग! चरबी अशी की पावाला लोणी लागत नव्हतं. मिठाचं प्रमाण नेमकं. गाठ जिथे राहायला हवी तिथे राहिलेली. कित्येक दिवसांनी माझी जीभ प्रसन्न झाली.

‘कुठून आणलास?’

‘आणला,’ लाइस्बेट म्हणाली.

‘बाजारातून? कुणाचं गलबत?’

‘विचारलं नाही.’

बायकांना हे कळत नाही. म्हणजे व्लार्डिंगनमध्ये अजून असा हात आहे! उगीच मी दोन महिने कुढत होतो. कुणावाचून कुणाचं अडत नाही. तीन खाल्ले. ग्रीट ताटल्या उचलताना हसत होती, तिला म्हटलं, हस, पण अशा माशाची गोष्ट तुझ्या नातवंडांना सांगशील. ती स्वयंपाकघरात पळाली.

१३ सप्टेंबर

यान क्रौल एम्डनला गेला. ज्याच्या आवाजानं काचा हादरल्या होत्या तो. त्याच्याबरोबर आणखी दोन, दोघंही बोटं वर केलेले. गेलेल्यांत खरं बोलून गेला तो एकच, आणि त्याचं नाव मी घरात काढू देत नाही.

आजही तोच हेरिंग. थोडं बरं वाटलं.

२७ सप्टेंबर

मंडळ. हॅम्बुर्गहून ओरड आहे की एम्डनचा माल स्वस्त आणि चांगला. चांगला! अध्यक्ष म्हणाले, आपल्याकडेही चोरून येतोय अशी कुजबुज आहे.

मी उभा राहिलो. म्हणालो, ‘व्लार्डिंगनमध्ये नाही. मी असताना नाही. आणि चांगला म्हणता? सभ्य गृहस्थहो, माझ्या घरी दर शुक्रवारी आपल्या गावचा हेरिंग असतो. माझ्या जेवणाच्या टेबलावर या आणि चाखा. एम्डनला तसा मासा जन्मात जमणार नाही. हॉलंड संपलं म्हणणाऱ्यांनी आधी माझ्याकडे जेवावं.’

टाळ्या. डी लांगे म्हणाले, ‘येऊ हं एकदा.’ मेंढी नाही म्हटल्यावर येणार नाहीत.

घरी हे सांगितलं. लाइस्बेटच्या हातून ताकाचा मग सांडला.

‘त्यांना जेवायला बोलावलंत?’

‘आले तर आले.’

‘तंगडी करीन मी,’ ती म्हणाली. ‘हेरिंग नको.’

थोरामोठ्यांपुढे साधा मासा ठेवायची लाज! तीस वर्षांत तिची ही खोड गेली नाही.

११ ऑक्टोबर

बाजारात विधवा मारेखन हिच्या टपरीवर तीन लहान पिंपं, डाग पुसट. एक उघडून घास घेतला. परका! थुंकलो.

‘मालक, मासलाउसचा आहे हो,’ ती म्हणाली. ‘माझ्या भावाच्या गलबतावरचा. डाग पावसानं गेला.’

‘बाई, ही जीभ चाळीस वर्षं हेच करतेय.’

‘माझ्या भावाला बोलवा. कुठल्याही शपथेवर सांगेल.’

‘शपथा मी पाहिल्यात.’

तिन्ही पिंपं कालव्यात ओतायला लावली. सीगल पक्ष्यांनी कालवा झाकून टाकला. ती तिथेच उभी राहिली, रडली नाही. म्हणाली, ‘तुम्हीही कधी पिंपंच बांधत होता ना?’

कायदा आहे. मी काय करणार. संध्याकाळी घरचा हेरिंग खाल्ला तेव्हा फरक स्पष्ट कळला. हा आपला, तो परका. आंधळ्यालाही कळेल. तरी जेवण गेलं नाही.

२२ नोव्हेंबर

‘तरुण प्लून’ विकली. गलबत म्हणून नाही, लाकूड म्हणून. घेणारा फळ्या ठोकून बघत होता आणि आवाज ऐकून भाव पाडत होता. त्याला म्हटलं, माझ्यासमोर ठोकू नकोस, मलाही ऐकू येतं.

टोनिस आला होता. आम्ही दोघं धक्क्यावर उभे राहिलो, डोलकाठी उतरेपर्यंत. ‘तुझं नाव असलेली फळी मागून घे,’ तो म्हणाला. मी नको म्हटलं. तो गेल्यावर मागून घेतली.

फळी घेऊन घरी आलो. लाइस्बेट चुलीशी होती. वळली नाही. म्हणाली, ‘क्राइनाला मुलगा झाला.’

नाव काढायचं नाही हे मी विसरलो. ‘कधी? कशी आहे पोर?’

‘तीन आठवडे झाले. दोघं खुशाल आहेत.’

‘तुला कुणी सांगितलं?’

‘लोणीवाल्यानं.’

‘आणि नाव?’

‘लेंडर्टला आईबाप नाहीत. त्यानं तुमचं ठेवलंय.’

फळी हातातच होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात ‘तरुण प्लून’. भिंतीला टेकवून ठेवली आणि नाक शिंकरायला अंगणात गेलो.

२९ नोव्हेंबर

ठरवलं. राग एवढासा उरला होता, तोही काल फळी पुसताना गेला. सांगून टाकतो कागदाला — ते कलम माझं होतं. त्यांनाही सांगीन, पुढे कधी.

नातवाच्या बाप्तिस्म्याची भेट पाठवायची. काय पाठवायचं त्यात विचार करण्यासारखं नाही : हेरिंग. तळघरातलं ते शुक्रवारच्या हेरिंगचं पिंप. लोणीवाला फोक्के उद्या एम्डनला परत जातोय, त्याच्याच बोटीनं जाईल. एम्डनच्या नव्या घरात, नव्या टेबलावर ठेवू दे लेंडर्टला आणि चाखू दे. कंपनीच्या साहेबांनाही बोलाव म्हणावं. राजाला कळव म्हणावं, खरा हेरिंग काय असतो ते. व्लार्डिंगन अजून मेलेलं नाही.

लाइस्बेट म्हणाली, ‘चीज पाठवा.’

‘चीज सगळे पाठवतात.’

‘लोकरीचे मोजे विणलेत मी. तेच पाठवू.’

‘मोजेही पाठव. पण हेरिंग जाणार.’

‘अहो, तिकडे हेरिंगला काय तोटा?’

‘असा नाही मिळायचा!’

तिनं हात पुसले. मग म्हणाली, ‘पिंप मी बांधते. तुम्ही खाली उतरू नका, जिना ओला आहे.’ माझ्या पिंपाला दुसऱ्यानं दोर लावायचा? उद्या सकाळी मीच उतरणार.

३० नोव्हेंबर

उतरलो. उचलण्याआधी सवयीनं बोटांनी पिंप वाजवलं. माझ्या कारखान्यातल्या पिंपाचा आवाज नाही, व्लार्डिंगनमधल्या कुणाच्याच नाही. उलटं केलं. बुडावर प्रशियाच्या गरुडाचा डाग, आणि खाली नाव : एम्डन.

लाइस्बेट जिन्यावर उभी होती.

‘ऑगस्टपासून,’ ती म्हणाली. ‘लेंडर्टच पाठवतो. हे तिसरं.’